सातवा टेक

सहानंतर लॅबमध्ये फक्त इन्क्युबेटरची घरघर.
ओजसने मोबाइल उभा केला
स्लाइडच्या तीन खोक्यांवर, मागे डिंकाची बाटली टेकवून.
"मावशी, बोल."
मी बोलले : प्रतिजैविक प्रतिरोध ही एक जागतिक...
"कट. द्वारका चौकात अर्धा तास अडकलेला माणूससुद्धा
हे बघणार नाही."

मग म्हणाले, औषधाला दाद न देणारे जंतू.
मला आवडलं होतं.
त्याने नुसत्या भुवया उडवल्या.

तिसऱ्या वेळी बागूल बादली घेऊन आत आले,
फरशी पुसता पुसता म्हणाले,
"म्हणजे अंगाला सवय होते ना मॅडम, गोळीची?"
अंगाला नाही हो, बागूल.
"मग कुणाला?"
मोबाइल चालूच होता.

चौथ्यात सांगितलं, सवय जंतूला होते,
आणि माझी मीच अडखळले.
सवय कुणालाच होत नाही.
मरायचे ते आधी मरतात, साधे, बापुडे.
उरतो एखादा
आणि मोकळ्या रानात
रात्रीतून त्याचं गाव वसतं.
हे मी छान बोलले, पण बादली कलंडली
आणि आवाजात नुसतं पाणी आलं.

ही प्लेट बघा. ही औषधाची पांढरी चकती.
मी नोकरीला लागले तेव्हा तिच्याभोवती
रुपयाएवढं स्वच्छ कडं पडायचं,
जंतू लांब उभे राहायचे, सोवळ्यातल्यासारखे.
आज कडं नाही.
चकतीला टेकून बसलेत सगळे,
पारावर बसावेत तसे.

प्लेट कुणाची ते सांगायचं नसतं.
म्हणून व्हिडिओत नाही :
पेठ रोडची बाई, चौतिशीची, शेवया करून विकते.
वर्षात चारदा सर्दी, चारदा दुकानातून पॉवरची गोळी,
दोन-दोनच, कारण तिसऱ्या दिवशी बरं वाटलं.
दवाखान्याच्या रांगेत एक दिवस गेला
तर त्या दिवसाच्या शेवया कोण वाळवणार?
मी तिला काय बोलू.
तिच्या रिपोर्टवर मीच टाइप केलं
आर, आर, आर, आर, आर,
सगळ्यात खाली एक एस.
त्या एसची किंमत ऐकून तिचा नवरा
जिन्यात बसला, तो अजून तिथेच असावा असं
जिना उतरताना मला रोज वाटतं.

आईला फोन लावला सिन्नरला.
"कोडगा झाला म्हण की. त्यात काय एवढं."
कोडगा.
एका शब्दात माझं एमएस्सी.
ओजसही हसला, म्हणाला, "हा चालेल."
पण कोडगं कुणी जन्मत नाही,
अर्धामुर्धा मारून सोडून देणारा
कुणीतरी लागतो.

सातव्यात अ‍ॅप्रन काढला.
पर्स उघडली, चिल्लर, पासबुक,
आणि तळाशी अर्धी स्ट्रिप, चार गोळ्या,
मार्चमधल्या दाढेच्या.
"ही माझीच," म्हणाले,
"असू दे, पुढच्या वेळी लागेल म्हणून ठेवलेली."
पुढे काय बोलले ते आठवत नाही.
ओजसने कट म्हटलं नाही.

तीनशे बारा जणांनी पाहिला.
त्यात चाळीस वेळा ओजसच.

मंगळवारी मखमलाबाद नाक्यावर
मुथांच्या मेडिकलमध्ये कापूस घेत होते.
एक पोरगा आला, नाक ओढत :
"काका, पॉवरच्या दोन द्या."
मुथांनी मोबाइलमधून मान वर केली,
माझ्याकडे पाहिलं,
मग त्याच्याकडे.
"चिठ्ठी?"
पोरगा गोंधळला. या दुकानात
हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता.

मी गेल्यावर त्यांनी दिल्या असतील.
नसतीलही.
मी कापसाचे भाव विचारत राहिले,
छोटा केवढ्याला, मोठा केवढ्याला,
हा जरा दाखवा,
तो वरचा.